एका यंत्रातील दोन राज्ये

राज्ये कशी जिंकली गेली हे इतिहासकार आवडीने सांगतात. राज्य बदलताना दप्तर कोणी सांभाळले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वस्तुतः नवी राजवट टिकते की नाही, हे पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नावर ठरते. तलवारीने गादी मिळते. परंतु सारा कोणाकडून किती यावयाचा, वतन कोणाचे, इनाम कोणाचे, हे सांगणारा कागद हरवला तर गादीवर बसलेल्याला गावच्या कुलकर्ण्यापुढे हात जोडावे लागतात. हाच न्याय एका अगदी अर्वाचीन क्षेत्रास कसा लागू पडतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे. ते क्षेत्र म्हणजे संगणक. आणि त्यातील राजवट म्हणजे ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात ती.

साहित्याच्या नियतकालिकात हा विषय कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल. तूर्त एवढेच सांगतो की, गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील आपले बहुतेक मराठी लेखन छापखान्यात जाण्यापूर्वी कोणत्या ना कोणत्या संगणकावर उतरलेले आहे, आणि त्याचे पुढे काय होणार हे या राजवटींच्या बदलाशी निगडित आहे.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. किल्ली दाबली की अक्षर उमटावे, लिहिलेला मजकूर तबकडीवर ठेवावा, मागितला की काढून द्यावा, एकाच वेळी चार कामे आली तर त्यांना पाळीने यंत्र वाटून द्यावे, ही सर्व व्यवस्था तिच्याकडे असते. हा कारभारी बदलावयाचा झाला तर दोन मार्ग संभवतात. पहिला, जुन्याला काढून त्याच्या जागी नवा बसविणे. बाजारात याला ‘फॉरमॅट मारणे’ असे नाव आहे. दुसरा, यंत्रातील जागेची वाटणी करून जुन्या-नव्यास शेजारी शेजारी नांदविणे, आणि यंत्र सुरू करताना आज कोणाचा अंमल हे विचारून घेणे. संगणकाच्या इतिहासात हे दोन्ही मार्ग पहिल्यापासून दिसतात, आणि दोहोंमागील कारणेही जवळजवळ तीच राहिली आहेत.

७ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेतील आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम/३६०’ या नावाची यंत्रमालिका जाहीर केली. तिच्यापूर्वी त्याच कंपनीचे ‘१४०१’ हे यंत्र १९५९पासून चालत आले होते, आणि पेढ्या, विमा कंपन्या, कारखाने यांच्या कचेऱ्यांत त्याची हजारो यंत्रे काम करीत होती. नवे यंत्र वेगवान खरे. परंतु पगारपत्रके आणि हिशेब यांचे लिहून ठेवलेले कार्यक्रम जुन्या यंत्राच्या भाषेत होते. ते सर्व नव्याने लिहा असे सांगितले असते, तर ग्राहकांनी नव्या यंत्राकडे पाठ फिरविली असती. म्हणून नव्या यंत्रातच जुन्याची नक्कल करण्याची सोय ठेवण्यात आली. कित्येक कचेऱ्यांनी नवे यंत्र घेतले आणि त्याच्यावर पुढील अनेक वर्षे जुनेच कार्यक्रम चालविले. १९७२ मध्ये आलेल्या ‘व्हीएम/३७०’ या प्रणालीने तर एका मोठ्या यंत्राची अनेक कल्पित यंत्रे करून प्रत्येकात निराळी कार्यप्रणाली चालविण्याची व्यवस्था केली. जुन्या प्रणालीवर रोजचे काम चालू ठेवावे, नवीवर तालीम करावी, आणि खात्री पटल्यावर बिऱ्हाड हलवावे, असा शहाणपणाचा क्रम त्यामुळे शक्य झाला.

ही झाली श्रीमंतांच्या वाड्यातील गोष्ट. सामान्य माणसाच्या टेबलावर संगणक आला तो १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या ‘आयबीएम पीसी’मुळे. या यंत्रासाठी कंपनीने एक सोडून तीन कार्यप्रणाली ग्राहकांपुढे ठेवल्या होत्या. त्यांपैकी ‘पीसी डॉस’ची किंमत सुमारे ४० डॉलर, आणि तिची मुख्य प्रतिस्पर्धी ‘सीपीएम-८६’ हिची २४० डॉलर. निकाल काय लागला हे सांगावयास नको. किंमत हाही इतिहासाचा एक सेनापती आहे.

दोन वर्षांनी, १९८३च्या मार्चमध्ये, १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेले ‘पीसी एक्सटी’ हे यंत्र आले, आणि त्याच्याबरोबर आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने एक लहानशी पण दूरगामी व्यवस्था केली. हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या भागात ५१२ बाइटांची एक चतकोर जागा राखून ठेवण्यात आली. त्यांपैकी पहिल्या ४४६ बाइटांत यंत्र जागे करणारा छोटा कार्यक्रम, पुढील ६४ बाइटांत डिस्कच्या चार विभागांची नोंद, आणि शेवटच्या २ बाइटांत खूण. हे चार विभाग म्हणजे शेतजमिनीचे चार सातबारे म्हणा. कोणता विभाग कोठे सुरू होतो, केवढा आहे, कोणत्या प्रणालीचा आहे, आणि सध्या कोणाचा अंमल चालू आहे, एवढेच तेथे लिहिलेले. एका डिस्कवर एकाहून अधिक कार्यप्रणालींना राहता यावे, हाच या नोंदवहीचा हेतू होता. पुढे तीस वर्षे जगातील बहुतेक टेबलावरचे संगणक या चतकोर तुकड्यावर जागे होत राहिले.

सहवासातून सत्तांतर कसे घडते, याचे उत्तम उदाहरण हेलसिंकी येथे सापडते. तेथील विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१च्या जानेवारीत एक संगणक घेतला, आणि अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी अध्यापनासाठी १९८७ मध्ये तयार केलेली ‘मिनिक्स’ ही प्रणाली त्यावर बसविली. तिच्याच आश्रयाने तो स्वतःची नवी प्रणाली लिहू लागला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने तिची वाच्यता केली, आणि सप्टेंबरात तिचा पहिला अवतार प्रसिद्ध झाला. तीच पुढे ‘लिनक्स’ या नावाने विख्यात झाली. आरंभी हे बालक आपल्या पायांवर उभे नव्हते. त्याला घडविण्याची हत्यारे मिनिक्सची होती. पुढे एके दिवशी विद्यापीठाच्या संगणकाशी दूरध्वनीने जोडणी करू पाहताना टोरवाल्ड्सच्या हातून दूरध्वनीच्या उपकरणाऐवजी हार्ड डिस्कलाच आज्ञा गेली, आणि मिनिक्सचा विभाग पुसला गेला. हे त्याने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. मिनिक्स पुन्हा बसविणे शक्य होते. परंतु त्याने तसे न करता आपल्याच प्रणालीला स्वयंपूर्ण करण्याचा निश्चय केला. शेजारधर्म संपून राज्यपालट झाला तो अशा अपघाताने. मात्र यातील मर्म ध्यानात ठेवण्यासारखे आहे: जे पुसले गेले ते पुन्हा मिळण्यासारखे होते, आणि जे स्वतःचे लिहिलेले होते ते वाचले होते. याच्या उलट घडते तर जगाचा इतिहास थोडा निराळा झाला असता.

लिनक्स जगभर पसरली ती प्रामुख्याने शेजारीण म्हणून. लोकांच्या यंत्रांत डॉस आणि विंडोज आधीच नांदत होत्या. त्यांना घालवून देण्याचे धैर्य थोड्यांनाच होते. म्हणून यंत्र सुरू होताच ‘कोणती प्रणाली हवी?’ असे विचारणारा द्वारपाल आवश्यक झाला. आयबीएमने आपल्या ‘ओएस/२’ या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर १९९२ मध्ये असा द्वारपाल दिला. त्याच सुमारास वेर्नर आल्मेसबेर्गर यांनी लिनक्ससाठी ‘लिलो’ लिहिला, आणि १९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी ‘ग्रब’ची सुरुवात केली. तो ग्रब, पुढे नव्याने लिहिला जाऊन, आजही लक्षावधी यंत्रांच्या दारात उभा आहे. या द्वारपालामुळे एक व्यवहारी नियम रूढ झाला: दोन्ही प्रणाली हव्या असल्या तर विंडोज आधी बसवावी, लिनक्स मागाहून. कारण विंडोज बसविताना ती पहिल्या चतकोरातील द्वारपाल बदलून आपला माणूस ठेवी आणि शेजाऱ्याची चौकशी करीत नसे. उलट लिनक्सचा द्वारपाल घरात आणखी कोण राहते हे पाहून त्याचेही नाव पाटीवर लिही.

दारावरची पाटी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे ‘बीओएस’ या प्रणालीच्या इतिहासावरून दिसते. १९९८च्या सुमारास जपानच्या हिताची कंपनीने आपल्या एका यंत्रात विंडोजच्या शेजारी बीओएस बसवून दिली. परंतु यंत्र सुरू करताना तिचे नाव दिसत नसे. ती जागी करावयाची तर ग्राहकाने स्वतः खटपट करावयाची. विंडोजच्या मालकांशी असलेल्या करारामुळे हे घडले, असा ‘बी’ कंपनीचा आरोप होता. १९९९ ते २००१ या काळात ती कंपनी खालावत गेली व विकली गेली. २००२ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टविरुद्ध दावा लावला, आणि २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर घेऊन तो आपसात मिटला. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला नाही. घरात जागा मिळूनही दारावर नाव न लागल्याने एक प्रणाली अज्ञातवासात राहिली, एवढे मात्र खरे.

पुढे तो ५१२ बाइटांचा तुकडाही अपुरा पडला. त्याच्या नोंदवहीत २ टेराबाइटांपलीकडची जमीन मोजता येत नव्हती. नव्या यंत्रांत ‘यूईएफआय’ ही जागृतीची नवी रीत आणि ‘जीपीटी’ ही नवी नोंदवही आली. चाराच्या जागी साधारणतः १२८ विभागांची सोय झाली, आणि प्रत्येक प्रणालीच्या द्वारपालाला आपापली स्वतंत्र ओसरी मिळाली. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८बरोबर ‘सिक्युअर बूट’ ही पहाऱ्याची पद्धतही रूढ झाली. ओळखीची सही असलेल्या प्रणालीलाच आत सोडावे, असा तिचा दंडक. प्रारंभी लिनक्सच्या पुरस्कर्त्यांना धास्ती वाटली. परंतु लवकरच प्रमुख लिनक्स वितरणांनी मान्य सहीचा मार्ग काढला, आणि शेजारधर्म चालू राहिला.

आतापर्यंत एकेका यंत्राची कथा झाली. एखादे नगर अथवा प्रांत असा पालट करू लागला म्हणजे काय होते, तेही पाहू. जर्मनीतील म्यूनिक नगराच्या कचेऱ्यांत विंडोज एनटी ही प्रणाली होती, आणि तिचे पाठबळ संपत आले होते. मे २००३ मध्ये नगरसभेने लिनक्सकडे वळण्याचा ठराव केला. त्यापूर्वी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौर क्रिस्तियान ऊडे यांना भेटून गेले होते, यावरून त्या निर्णयाचे वजन कळावे. काम सोपे नव्हते. यंत्रे बदलण्यापेक्षा अधिक वेळ लागला तो निरनिराळ्या खात्यांनी वर्षानुवर्षे तयार केलेले हजारो नमुना-अर्ज आणि लहान लहान कार्यक्रम नव्या प्रणालीत आणण्यास. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, सुमारे १५ हजार संगणक बदलून योजना पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. आणि २०१७ मध्ये नव्या राजकीय बहुमताने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. गुणदोषांचा वाद तेथे अद्याप चालतो. आपण एवढाच बोध घ्यावा की, यंत्र एका दुपारी बदलते, पण दप्तर आणि सवयी बदलण्यास दशक लागते.

आपल्या देशात केरळचा दाखला वेगळ्या वळणाचा आहे. तेथे २००१ मध्ये शाळांसाठी ‘आयटी ॲट स्कूल’ ही योजना सुरू झाली. प्रारंभी तेथेही विंडोजच होती. नंतर योजना पायरीपायरीने मुक्त प्रणालीकडे वळली, आणि अखेर शालेय संगणक-शिक्षण सर्वस्वी लिनक्सवर उभे राहिले. २०१७ मध्ये या योजनेचे ‘काइट’ या संस्थेत रूपांतर झाले. तेथील यशाचे रहस्य शोधू गेल्यास ते शिक्षकांच्या प्रशिक्षणात सापडते. प्रत्येक शाळेत काम जाणणारा शिक्षक तयार करण्यात आला, आणि नवी प्रणाली कोणावर अकस्मात येऊन आदळली नाही. शाळेचा कारभार पाहणाऱ्या प्रस्तुत लेखकास हा भाग विशेष महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्या दाराशी येऊ. देवनागरी संगणकावर आणण्याचे काम आपल्याकडे लवकर सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक आले, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ या जागतिक मानकातही देवनागरीला स्थान मिळाले. परंतु मानक होणे निराळे आणि ते टेबलावर येणे निराळे. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणालींना देवनागरी उपजत येत नव्हती. ती विंडोजमध्ये आली २००० साली. तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशी यांनी रेखलेला होता. लिनक्समध्येही त्यानंतरच्या वर्षांत ‘लोहित’ फॉन्ट आले, आणि स्वयंसेवकांनी प्रणालीतील आज्ञा मराठीत आणण्याचे काम हाती घेतले.

मधल्या काळात आपले छापखाने आणि संस्था थांबून राहिल्या नव्हत्या. श्रीलिपि, आकृती, आयएसएम ही नावे त्यांच्या घरची झाली होती. या फॉन्टांची युक्ती अशी की, यंत्राच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांतच साठविला जाई. फॉन्ट तेवढा त्या प्रत्येक अक्षराच्या जागी देवनागरी आकृती दाखवी. कोणत्या रोमन अक्षराला कोणती आकृती, हे प्रत्येक कारागिराने आपल्या मर्जीने ठरविलेले. त्यामुळे तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रात उघडली, की अभंगाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. भर म्हणून पाने जुळविली ती ‘पेजमेकर’मध्ये, आणि त्या कार्यक्रमाची शेवटची मुख्य आवृत्ती निघाली २००१ मध्ये.

परिणाम असा की, बृहन्महाराष्ट्रातील कितीतरी साहित्यसंस्थांच्या स्मरणिका, संमेलनांची भाषणे, स्थानिक कवींचे संग्रह आणि सभासदांच्या याद्या जुन्या यंत्रांत पडून आहेत, आणि त्यांना वाचा आहे ती केवळ त्या जुन्या प्रणालीमुळे. ती पुसून नवी बसविली, की कागद राहतो पण वाचणारा जातो. अशी अवस्था मराठीवर पहिल्यांदाच आलेली नाही. मोडी आणि बाळबोध या दोन लिप्या आपल्याकडे शतकानुशतके शेजारी नांदल्या. पोथी बाळबोधीत, दप्तर मोडीत, अशी रीतसर वाटणी होती. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून मागे पडली. त्या निर्णयास छपाईच्या सोयीची सबळ कारणे होती. परंतु वाचणारे तयार ठेवण्याची आणि मजकूर उतरवून घेण्याची व्यवस्था त्या प्रमाणात झाली नाही. आज तंजावरपासून बडोद्यापर्यंत मोडी कागदांचे ढीग आहेत आणि ते वाचणारे मोजके आहेत. २०१४ मध्ये मोडीचा युनिकोडात समावेश झाला, ही समाधानाची गोष्ट. पण लिपीला संकेत मिळाले म्हणून वाचक आपोआप मिळत नाहीत.

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. विंडोज एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. विंडोज १०चे नियमित विनामूल्य पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ ही प्रणाली ‘टीपीएम २.०’ हा सुरक्षेचा भाग नसलेल्या जुन्या यंत्रांना अधिकृतपणे स्वीकारीत नाही. अनेक शाळा, वाचनालये आणि मंडळे यांच्यापुढे त्यामुळे नवे यंत्र घेणे किंवा जुन्या यंत्रात लिनक्ससारखी हलकी प्रणाली बसविणे असे दोन पर्याय उभे आहेत. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ हीदेखील लिनक्सच होय. यांपैकी कोणताही पर्याय घ्या. तो घेण्यापूर्वीचा क्रम मात्र इतिहासाने घालून दिलेला आहे.

प्रथम जुन्या यंत्रातील सर्व फाइली, फॉन्टांसह, दोन स्वतंत्र ठिकाणी उतरवून घ्याव्यात, आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रात उघडते की नाही हे पाहावे. न तपासलेली प्रत ही प्रतच नव्हे. मग डिस्कवर जागा असल्यास नवी प्रणाली शेजारी बसवावी, आणि काही महिने दोन्ही नांदू द्याव्यात. या अवधीत जुना मजकूर युनिकोडात आणावा. त्यासाठी रूपांतराची साधने मिळतात. परंतु कोणत्या फाइलीस कोणता फॉन्ट हे ठाऊक असावे लागते, आणि रूपांतरानंतर जाणत्याने वाचून पाहावे लागते. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठविलेली असते, युनिकोडात ती नंतर येते. रफार आणि जोडाक्षरे यांतही घोटाळे होतात. हे काम यंत्राचे नाही, शुद्धलेखन जाणणाऱ्या मराठी माणसाचे आहे, आणि ते आपल्या निवृत्त शिक्षकांस उत्तम जमेल. याखेरीज प्रत्येक ग्रंथाची जुळविलेली पाने जुन्या प्रणालीतूनच ‘पीडीएफ’ करून ठेवावीत. एवढे झाले म्हणजे जुनीला निरोप देण्यास हरकत नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा आणे-पैसे एका रात्रीत बाद झाले नाहीत. काही वर्षे दोन्ही नाणी बाजारात चालली, आणि रूपांतराचे तक्ते दुकानादुकानांत लावलेले असत. सहा नवे पैसे म्हणजे एक आणा, हे धरून व्यवहार करणारी पिढी नव्या नाण्याला सरावली, मगच जुने नाणे गेले. व्यवस्था बदलणे हे पाप नाही, आणि जुनीला कवटाळून बसणे हे पुण्यही नाही. परंतु जुन्या व्यवस्थेच्या पोटात जे आपले लिहिलेले आहे, ते बाहेर काढण्यापूर्वी तिच्यावर बोळा फिरविणे हा मात्र प्रमाद आहे. आपल्या संस्थांच्या कपाटांत आणि टेबलांखाली असे जे जुने संगणक धूळ खात असतील, ते भंगारात देण्यापूर्वी एकवार सुरू करून पाहावेत, ही सर्व कार्यवाहांस विनंती.